मोजा, म्बिली, तातू: स्वाहिली आकड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनिया किंवा टांझानियात नोकरीला निघालेले, सफारीची तिकिटं काढलेले आणि नुसतेच भाषावेडे अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांकडून आलेले हे प्रश्न आहेत. सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. घाईत असाल तर १, ६ आणि १३ एवढे तीन वाचा, बाकीचे विमानात वाचता येतील.

१. एक ते दहा कसे मोजायचे?

मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, साबा, नाने, तिसा, कुमी. शून्याला सिफुरी. भाव विचारताना, फोन नंबर सांगताना, जिना चढताना, म्हणजे नुसतं मोजायचं असेल तेव्हा हेच शब्द जसेच्या तसे चालतात. एखाद्या वस्तूला किंवा माणसाला जोडून संख्या आली की त्यातले काही शब्द रूप बदलतात. ती खरी मेख आहे, ती सहाव्या प्रश्नात सोडवली आहे.

२. उच्चारात काय सांभाळायचं?

'मोजा'तला ज आपल्या 'पायमोजा'तला नाही, 'जीवन'मधला आहे. 'म्बिली'त म ओठांवर मिटूनच पुढे जायचं, 'मबिली' किंवा 'एमबिली' म्हणायचं नाही. 'न्ने'त पहिला न् थोडा रेंगाळतो, जणू ते स्वतंत्र अक्षर आहे. स्वाहिलीतला त आपल्या त आणि ट यांच्या मधे कुठेतरी पडतो. इथे सगळीकडे त लिहिला आहे. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो: ता-तू मध्ये 'ता'वर, इशिरिनी (२०) मध्ये 'रि'वर. शब्द लांबला की जोरही पुढे सरकतो. ही सवय लागली की निम्मं काम झालं.

३. ११ ते ९९ पाठ करावे लागतात का?

नाही, आणि मराठी माणसाला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असा प्रत्येक आकडा वेगळा घोकावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! स्वाहिलीत मुळातच 'वीस आणि तीन' आहे. दशकाचा शब्द, मग 'ना' म्हणजे 'आणि', मग एककाचा शब्द. ११ म्हणजे कुमी ना मोजा, १९ म्हणजे कुमी ना तिसा, २३ म्हणजे इशिरिनी ना तातू.

दशकं मात्र पाठ हवीत: इशिरिनी (२०), थेलाथिनी (३०), आरोबाइनी (४०), हम्सिनी (५०), सितिनी (६०), साबिनी (७०), थेमानिनी (८०), तिसिनी (९०). ही सगळी अरबीतून आली आहेत. सिता-सितिनी, साबा-साबिनी, तिसा-तिसिनी अशा जोड्या लागतात, पण ३० चा ३ शी आणि ५० चा ५ शी ऐकून काही संबंध लागत नाही. थेलाथिनी आणि थेमानिनी यांत बहुतेकांची गल्लत होते. बाजारात ३० आणि ८० मधला फरक महागात पडतो, म्हणून या दोघांवर जास्त वेळ घालवा.

४. शंभरच्या पुढे?

शंभर म्हणजे मिया, हजार म्हणजे एल्फू, लाख म्हणजे लाकी, दहा लाख म्हणजे मिलिओनी. किती शंभर हे नंतर सांगतात: २०० म्हणजे मिया म्बिली, म्हणजे शब्दशः 'शंभर दोन'. ५००० म्हणजे एल्फू तानो. आपल्या डोक्यात 'दोनशे' पक्कं बसलेलं असल्यामुळे सुरुवातीला 'म्बिली मिया' तोंडात येतं.

साल सांगायचं तर पूर्ण वाचतात. केनिया स्वतंत्र झाला ते १९६३ म्हणजे एल्फू मोजा मिया तिसा सितिनी ना तातू. 'ना' बहुधा शेवटच्या जोडाला लावतात, प्रत्येक पायरीला लावलाच पाहिजे असं नाही.

५. लाकी म्हणजे आपलाच लाख का?

हो. हिंदी महासागराच्या व्यापारातून गेलेला आपल्या उपखंडाचाच शब्द. त्याच वाटेने 'पैसा' गेला आणि 'पेसा' झाला. केनियात २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल पैसेसेवेच्या नावात तोच आहे. 'दुकान' तिथे 'दुका' झालं. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत चलनही रुपयाच होतं, मग थोडा काळ फ्लोरिन आणि नंतर शिलिंग. त्यामुळे 'लाकी म्बिली' म्हणजे दोन लाख हे आपल्याला आपोआप कळतं आणि शेजारी बसलेला युरोपीय पाहुणा बोटं मोजत राहतो. मिलिओनीच्या पुढे मात्र हिशेब पाश्चात्त्य पद्धतीचा, तिथे कोटी शोधू नका.

६. 'दोन पुस्तकं', 'दोन माणसं' यांत 'दोन' वेगवेगळा का होतो?

स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात. आपल्या तीन लिंगांसारखेच, पण संख्येने बरेच जास्त. नामाला जोडलेला प्रत्येक शब्द त्या वर्गाचा उपसर्ग अंगावर चढवतो, आणि संख्या त्याला अपवाद नाही. शिवाय संख्या नामाच्या नंतर येते.

माणूस म्हणजे म्तू, माणसं म्हणजे वातू. एक माणूस म्हणजे म्तू म्मोजा, दोन माणसं म्हणजे वातू वाविली, तीन म्हणजे वातू वातातू. पुस्तक म्हणजे किताबू: किताबू किमोजा, विताबू विविली, विताबू विनाने. (मूळ अरबी 'किताब'मधला 'कि' स्वाहिलीने आपला एकवचनी उपसर्ग समजून घेतला आणि अनेकवचन 'विताबू' करून टाकलं. भाषेचा हा आगाऊपणा मला फार आवडतो.) झाड म्हणजे म्ती: म्ती म्मोजा, मिती मिविली. फळ म्हणजे तुंडा: तुंडा मोजा, मातुंडा माविली. घर म्हणजे न्युम्बा, याच्या वर्गात संख्येला काहीच लागत नाही: न्युम्बा मोजा, न्युम्बा म्बिली, न्युम्बा तातू.

'दोन'कडे नीट बघा. नुसतं मोजताना आणि न्युम्बाच्या वर्गात तो म्बिली, पण उपसर्ग लागला की मागे उरतं ते 'विली'. 'वाम्बिली' असं काही नसतं. नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक हीच.

आता यातली सोय: सगळ्या संख्या बदलत नाहीत. १, २, ३, ४, ५ आणि ८ बदलतात. ६, ७, ९ आणि १० कधीच बदलत नाहीत. वातू सिता, विताबू सिता, मिती सिता, काही झालं तरी सिता. कारण पुढच्या उत्तरात आहे.

आणि ही कल्पना मराठीला अगदीच परकी नाही. आपणही 'दोन पुस्तकं' म्हणतो पण 'दोघे भाऊ', 'तिघी मैत्रिणी', 'चौघं जण'. माणसांसाठी वेगळी रूपं आपल्याकडे पाचापर्यंत पोचता पोचता विरत जातात, स्वाहिलीत ती सगळ्या वर्गांना पसरली आहेत, एवढाच फरक.

७. सहा, सात आणि नऊच हट्टी का?

कारण ते पाहुणे आहेत. सिता, साबा, तिसा हे अरबीतून आले, म्हणून बांटू (स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुटुंबातली, त्याचं नाव) व्याकरणाचे उपसर्ग त्यांना चिकटले नाहीत. मोजा ते तानो, आणि नाने, हे मूळचे बांटू. 'नाने' मुळात 'चार-चार' असा घडलेला शब्द आहे, म्हणून त्यात न्नेची चाहूल लागते. कुमी मात्र बांटूच आहे, तरी तो बदलत नाही. तेवढं लक्षात ठेवायचं.

जुने बांटू शब्द पूर्ण गेले नाहीत. नवासाठी 'केन्डा' जुन्या स्वाहिलीत भेटतो. सातासाठी असलेला 'फुंगाते' आज मोजणीत नाही, पण लग्नानंतरच्या सात दिवसांना, आणि आता सरसकट मधुचंद्राला, फुंगाते म्हणतात. दहासाठी असलेला 'मुओंगो' आज 'दशक' या अर्थाने बातम्यांत रोज ऐकू येतो: मिओंगो मिविली म्हणजे दोन दशकं. खोटारड्याला 'म्वोंगो' म्हणतात, तेव्हा उच्चार सांभाळा.

८. गाय हा न्युम्बाच्या वर्गातला शब्द आहे ना? मग 'ङोम्बे म्बिली' का चुकतं?

कारण प्राणी जिवंत आहे. शब्दाचं रूप न्युम्बासारखं असलं, एकवचन-अनेकवचन सारखंच असलं, तरी सजीवांना माणसांचे उपसर्ग लागतात. ङोम्बे वाविली (दोन गायी), म्ब्वा म्मोजा (एक कुत्रा), सिम्बा वातातू (तीन सिंह). सफारीवर गाइडच्या तोंडी हेच ऐकू येईल.

९. बारा माणसं, एकशेदोन माणसं, दोनशे माणसं: उपसर्ग कुठे लावायचा?

शेवटच्या एककाला, आणि तोही बदलणारा असेल तरच. बारा माणसं म्हणजे वातू कुमी ना वाविली. तेवीस पुस्तकं म्हणजे विताबू इशिरिनी ना वितातू. सव्वीस पुस्तकं म्हणजे विताबू इशिरिनी ना सिता, इथे काहीच करायचं नाही. एकशेदोन माणसं म्हणजे वातू मिया मोजा ना वाविली.

पण दोनशे माणसं म्हणजे वातू मिया म्बिली. 'मिया वाविली' नव्हे. इथला 'दोन' माणसांना मोजत नाही, शेकड्यांना मोजतो, आणि मिया न्युम्बाच्या वर्गासारखा वागतो. 'मिया मोजा ना वाविली'मध्ये दोन्ही गोष्टी एकाच ओळीत दिसतात, म्हणून ते एक उदाहरण पाठ केलं की पुरे.

१०. 'किती?' कसं विचारायचं?

'न्गापी', आणि त्यालाही उपसर्ग लागतात: वातू वांगापी (किती माणसं), विताबू विंगापी, मातुंडा मांगापी, पण न्युम्बा न्गापी. किती वाजले, तर सा न्गापी. किती शिलिंग, तर शिलिंगी न्गापी. नुसता भाव विचारायचा तर 'बेइ गानी?' पाणी, साखर अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींना न्गापी चालत नाही, तिथे 'कियासी गानी'.

११. पहिला, दुसरा, तिसरा?

क्वान्झा (पहिला), पिली (दुसरा), आणि पुढे नेहमीचेच शब्द: तातू, न्ने, तानो. आधी 'चा-ची-चे'सारखा जोडशब्द लागतो, आणि तो नामाच्या वर्गानुसार बदलतो: म्तू वा क्वान्झा (पहिला माणूस), किताबू चा पिली (दुसरं पुस्तक), न्युम्बा या तातू (तिसरं घर). इथे संख्येला उपसर्ग लागत नाही. विताबू वितातू म्हणजे तीन पुस्तकं, किताबू चा तातू म्हणजे तिसरं पुस्तक.

महिन्यांना नावं आहेत, पण बोलताना सर्रास म्वेझी वा कुमी ना म्बिली (बारावा महिना) असं म्हणतात. तारखांत पहिल्या दोन वेगळ्या: तारेहे मोसी (१), तारेहे पिली (२), मग तारेहे तातू. हा 'मोसी' पुढच्याच प्रश्नात लागणार आहे.

१२. वारांच्या नावात आकडे आहेत असं ऐकलं. मग बुधवार पाचवा कसा?

आठवडा शनिवारी सुरू होतो म्हणून. जुमामोसी (शनिवार, पहिला), जुमापिली (रविवार), जुमातातू (सोमवार), जुमान्ने (मंगळवार), जुमातानो (बुधवार). मग गुरुवारी गाडी रूळ बदलते: अल्हामिसी, म्हणजे अरबीतला 'पाचवा', कारण अरबांची मोजणी रविवारपासून. शुक्रवार इजुमा, प्रार्थनेचा दिवस. म्हणजे आठवड्यात 'पाचवा' लागोपाठ दोनदा येतो आणि सहावा-सातवा येतच नाही. सोमवारी कामावर जाताना 'तातू' ऐकू येतं, त्याने बिचकू नका.

१३. सकाळी सातला 'एक वाजला' का म्हणतात? माझी भेट चुकली.

स्वाहिली घड्याळ मध्यरात्रीपासून चालत नाही, सूर्योदयापासून चालतं. आपले प्रहर आणि घटका तशाच दिवस उजाडल्यापासून मोजत. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साधारण सहाच्या आसपासच उगवतो आणि मावळतो, म्हणून ही पद्धत तिथे बिनचूक चालते. सकाळी ७ म्हणजे दिवसाचा पहिला तास संपला: सा मोजा आसुबुही.

रूपांतर सोपं आहे, सहा तासांचा फरक. सकाळी ९ म्हणजे सा तातू आसुबुही. दुपारी १२ म्हणजे सा सिता म्चाना. दुपारी १ म्हणजे सा साबा म्चाना. दुपारी ४ म्हणजे सा कुमी जिओनी. संध्याकाळी ६ म्हणजे सा कुमी ना म्बिली जिओनी, आणि सातला पुन्हा एकपासून सुरू: सा मोजा उसिकू. मध्यरात्र म्हणजे सा सिता उसिकू. पहाटे ५ म्हणजे सा कुमी ना मोजा अल्फाजिरी. काट्यांचं घड्याळ असेल तर तास-काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. मनगटावरची घड्याळं मात्र नेहमीच्याच वेळेला लावलेली असतात, बदल फक्त बोलण्यात होतो.

गोंधळ होतो तो इथे: त्याच माणसाशी इंग्रजीत बोललात तर तो 'सेव्हन' म्हणेल आणि स्वाहिलीत 'सा मोजा'. विमानाचं तिकीट, शाळेचं वेळापत्रक, बँकेचा फलक यांवर छापलेली वेळ आंतरराष्ट्रीय असते. बस किंवा भेटीची वेळ तोंडी ठरवत असाल तर आसुबुही, म्चाना, जिओनी, उसिकू यांतला शब्द वदवून घ्या आणि घड्याळावर बोट ठेवून दाखवा. त्यात कुणालाही वावगं वाटत नाही.

१४. 'मंगळवारची रात्र' म्हणजे नक्की कोणती?

जुन्या रिवाजात दिवस सूर्यास्ताला बदलत असे, त्यामुळे उसिकू वा जुमान्ने म्हणजे आपल्या हिशेबाने सोमवारची रात्र. आज शहरांत बहुतेक जण आपल्यासारखंच बोलतात. किनाऱ्यावरच्या वयस्क माणसांशी बोलताना मात्र तारीख विचारून घ्यावी.

१५. सव्वा, साडे, पाऊण आहेत का?

रोबो (पाव), नुसू (अर्धा), रोबो तातू (पाऊण), थेलुथी (एकतृतीयांश). सव्वानऊ म्हणजे सा तातू ना रोबो, साडेनऊ म्हणजे सा तातू ना नुसू, पावणेदहा म्हणजे सा न्ने कासोरो रोबो, बोलताना आखडून कासोरोबो. 'कासोरो' म्हणजे 'कमी'. आपल्या 'पावणे'सारखाच पुढच्या तासातून वजा करायचा हिशेब. (तास स्वाहिली आहेत, तेरावा प्रश्न विसरू नका.) अडीच, दीड यांना स्वतंत्र शब्द नाहीत: म्बिली ना नुसू, मोजा ना नुसू. दशांशचिन्हाला नुक्ता, टक्क्याला आसिलिमिया, आणि तो आकड्याच्या आधी येतो: आसिलिमिया हम्सिनी म्हणजे ५० टक्के.

१६. नैरोबीत 'वातू म्बिली' सर्रास ऐकलं. मग ते चूक कसं?

पुस्तकाच्या हिशेबाने चूक, रस्त्याच्या हिशेबाने रोजचं. नैरोबीत अनेकांची घरची भाषा वेगळी असते, स्वाहिली ही सगळ्यांची बाजारभाषा, त्यामुळे उपसर्ग ढिले होतात. मोम्बासा, झांझिबार, दार-एस-सलाममध्ये ते कानाला खटकतं. माझं मत विचाराल तर शिकताना पूर्ण नियम शिकावा. ढिलं करणं नंतर आपोआप जमतं, घट्ट करणं जमत नाही.

नैरोबीच्या तरुणांच्या शेंग बोलीत पैशाचे आकडेही वेगळे: म्बाओ म्हणजे २० (प्रमाण भाषेत याचा अर्थ लाकडी फळी), सोओ म्हणजे १००, न्गिरी किंवा थाओ म्हणजे १०००. 'सोओ म्बिली' म्हणजे २०० शिलिंग. परक्याने हे समजावं, बोलायची घाई करू नये.

१७. मताटू, साबा साबा, नाने नाने: हे आकडेच ना?

हो. केनियातली मताटू म्हणजे रंगीबेरंगी, कर्णकर्कश खासगी मिनीबस. नावात 'तीन' आहे आणि 'मा' हा बहुवचनी वर्गाचा उपसर्ग: एकेकाळी भाडं दहा सेंटची तीन नाणी होतं, त्या 'मापेनी मातातू'वरून ते आलं असं सांगतात. साबा साबा म्हणजे सातव्या महिन्याची सात तारीख. टांझानियात ती १९५४ साली टानू पक्षाची स्थापना झाल्याची तारीख, आणि दार-एस-सलामच्या व्यापारमेळ्यालाही तेच नाव. केनियात तीच तारीख १९९० च्या बहुपक्षीय लोकशाहीच्या आंदोलनासाठी लक्षात ठेवतात. नाने नाने म्हणजे ८ ऑगस्ट, टांझानियातला शेतकरी दिन.

१८. मचाकोसला बदली झाली आहे. तिथले काम्बा लोक असंच मोजतात का?

स्वाहिली तिथेही चालेल. पण मचाकोस, कितुई, माकुएनी या भागांतल्या लोकांची घरची भाषा किकाम्बा, आणि तिची मोजणी वेगळी, तरी नात्यातली. ढोबळ उच्चार असे: इम्वे, इली, इतातू, इन्या, इतानो, थान्थातू, मुओन्झा, न्यान्या, केन्डा, इकुमी. तीन, चार, पाच, दहा ओळखीचे वाटतील. गंमत सहापासून सुरू होते: स्वाहिलीने अरबी सिता घेतला, काम्बाने जुना बांटू शब्द ठेवला, ज्यात 'तीन-तीन' दडलं आहे. न्यान्यामध्ये 'चार-चार' स्वाहिलीपेक्षाही स्पष्ट ऐकू येतं. आणि सातव्या उत्तरात भेटलेला केन्डा इथे जिताजागता आहे. दशकंही इथे अरबी नाहीत, 'दोन दहे', 'तीन दहे' अशी बांधतात: २० म्हणजे मिओंगो इली.

१९. एक-एक करून, दोघं-दोघं, दोघंही: हे कसं म्हणायचं?

मराठीसारखंच दुहेरी करून. म्मोजा म्मोजा म्हणजे एकेक जण, वाविली वाविली म्हणजे दोघं-दोघं. दोघंही म्हणजे वोते वाविली, वस्तू असतील तर व्योते विविली. एकदा म्हणजे मारा मोजा, पण त्याचाच अर्थ 'ताबडतोब' असाही होतो. वेटर 'मारा मोजा' म्हणाला तर तो एकदाच येणार आहे असं नव्हे.

'एक'ला अनेकवचनही आहे: सिसी नी वामोजा, 'आपण एक आहोत'. नियम सुटून सुटून वाटले तर दोन म्हणी पाठ करा. किडोले किमोजा हाकिवुन्जी चावा, एका बोटाने ऊ मरत नाही. म्शिका म्बिली मोजा हुम्पोन्योका, दोन धरणाऱ्याचं एक निसटतं. पहिलीत बोटाच्या वर्गाचा उपसर्ग दिसतो, दुसरीत नुसते आकडे.

२०. 'एल्फू कुमी ना म्बिली' म्हणजे १२,००० की १०,००२?

दोन्ही होऊ शकतं. किती हजार ते 'एल्फू'नंतर सांगायचं (प्रश्न ४) आणि एककही 'ना'ने जोडायचा (प्रश्न ३), म्हणून ही संदिग्धता भाषेतच आहे. व्यवहारात ऐकणारा बहुधा १२,००० समजतो. शंका ठेवायची नसेल तर एल्फू मागे न्या: कुमी ना म्बिली एल्फू म्हणजे नक्की १२,०००. 'एल्फू मिया मोजा ना हम्सिनी'चंही तेच, दीड लाख की एक लाख पन्नास? तिथे आपला लाकी कामाला येतो: लाकी मोजा ना एल्फू हम्सिनी. घरभाड्याच्या करारात किंवा पावतीवर मात्र आकडा अंकातही लिहून घ्या.